झरोक्याची जागा आपण ठरवायची



सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला, तूर शेतात उभी आहे. घराच्या डागडुजीला हात घालायचे हेच दिवस. म्हणून आज मी भिंतीतल्या झरोक्याबद्दल बोलणार आहे. गटाच्या बैठकीत हा विषय हमखास निघतो. स्वयंपाकघरात धूर कोंडतो, वर एखादा झरोका पाहिजे, हे सगळ्यांना पटतं. गाडी अडते ती पुढं. भोक आपणच पाडायचं, की मिस्त्रीला बोलवायचं?

मी दहा-बारा वर्षं बांधकामावर रेजा म्हणून काम केलं. विटा वाहिल्या, माल कालवला, मिस्त्रीच्या हातात छन्नी-हातोडी दिली, पुढं पुढं सांधे भरले, गिलावाही मारला. त्या कामावरून माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगते. झरोका कुठं पाहिजे, हे चुलीपुढं बसणाऱ्या बाईनं ठरवायचं. आणि भोक कोणी पाडायचं, हे भिंतीला विचारायचं. भिंत कशी विचारायची, तेच आज पाहू.

आधी हे काम एवढं महत्त्वाचं का, ते थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळं जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांच्या आतली दोन लाखांहून जास्त लेकरं होती. आता कोणी म्हणेल, गॅस आला ना घरोघरी. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, आपल्याकडंही शेगड्या आल्या. पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. सिलिंडर संपला, हातात पैसा नसला, की पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आहेतच. भाकरी तर कित्येक घरी चुलीवरचीच लागते. म्हणजे गॅस आला तरी धूर गेला नाही.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. धाब्याच्या घराला छतात सवणं ठेवायचे. दिवसा त्यातून उजेड यायचा, स्वयंपाकाच्या वेळी धूर निघून जायचा, पावसात वरून झाकण. पुढं धाबं गेलं, पत्रा आला, स्लॅब आला. घर पक्कं झालं, पण सवणं गेलं ते गेलंच. आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटक राजांची राजधानी. तिथल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. त्या लेण्यातल्या शिलालेखात त्याच्या दारांचा आणि खिडक्यांचा उल्लेख आहे. डोंगर फोडून केलेल्या लेण्यातही त्या लोकांनी हवा-उजेडाची सोय केली. आपल्याला तर नुसती विटांची भिंत फोडायची आहे.

आता जागा कशी ठरवायची ते पाहू. त्यासाठी काही शिकावं लागत नाही. स्वयंपाकघरात उभं राहून वर बघा. भिंतीचा जो भाग सगळ्यात जास्त काळा झाला आहे, तिथं धूर साचतो. गरम हवा वर चढते आणि वाट मिळाली नाही की तिथंच थांबते. झरोका त्या काळ्या पट्ट्यात, छताच्या होईल तितका जवळ.

दुसरी परीक्षा उदबत्तीची. चुलीजवळ उदबत्ती लावा, दार-खिडकी रोज ठेवता तशी ठेवा आणि धुराची रेघ कुठं जाते ते पाहा. सकाळी बघा, संध्याकाळी बघा, वारा असेल त्या दिवशी परत बघा. जिकडून वारा घरात शिरतो, त्या बाजूला धूर जायचा झरोका ठेवू नका, नाहीतर वारा धूर परत आत ढकलतो. पावसाळ्यात आपल्याकडं वारा आणि पाऊस बहुतेक करून पश्चिमेकडून येतात. म्हणून धुराची वाट शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला द्या.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणी विसरतात. नुसती बाहेर जायची वाट करून भागत नाही, आत यायचीही वाट लागते. बाटलीला एकच भोक असलं की पाणी गुडगुड करत अडखळत पडतं, तसंच हवेचं होतं. वर झरोका असला तर समोरच्या बाजूला खाली खिडकी किंवा झरोका पाहिजे. आणि घरात गॅस असेल तर खालची वाट हवीच. कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर जात नाही, जमिनीवर पसरून राहतो. वर कितीही झरोके केले तरी तो त्यातून निघत नाही. त्याला जमिनीलगतची वाट लागते.

आता माप. घरं बांधण्याचे जे राष्ट्रीय नियम आहेत, त्यात उष्ण आणि कोरड्या हवामानासाठी खिडक्या-झरोक्यांची जागा खोलीच्या जमिनीच्या निदान दहावा हिस्सा असावी, असं म्हटलं आहे. दार त्यात धरायचं नाही. समजा तुमचं स्वयंपाकघर आठ बाय दहा फूट आहे. म्हणजे ८० चौरस फूट. त्याचा दहावा हिस्सा ८ चौरस फूट. दोन बाय तीनची एक खिडकी असेल तर ६ झाले, राहिले २. नऊ इंच बाय नऊ इंचाचे चार झरोके केले की सव्वादोन चौरस फूट होतात. दोन वर, दोन खाली. हिशेब बसला.

इथंच एक फसगत सांगते. पुष्कळ घरी चार इंची पाइपाचा तुकडा भिंतीत बसवून झरोका झाला म्हणतात. त्या पाइपाचं तोंड साडेबारा चौरस इंच भरतं. नऊ बाय नऊचा झरोका ८१ चौरस इंच भरतो. म्हणजे सहा पाइप बसवले तरी एक झरोका पुरता होत नाही. शिवाय प्लॅस्टिकचा पाइप चुलीच्या झळीजवळ बसवायचाच नाही.

जागा ठरली, माप ठरलं. आता भिंतीकडं वळू.

तुमची भिंत पक्क्या विटांची, नऊ इंची, सरळ आणि बिनतड्याची असेल, तर एका विटेच्या रुंदीचा झरोका तुम्ही स्वतः करू शकता. एक वीट रुंद आणि तीन थर उंच, म्हणजे नऊ बाय नऊ. एवढ्या रुंदीवर वरच्या विटा एकमेकींना धरून राहतात. रुंदी वाढली की वरचा भार लोंबायला लागतो, मग वर लिंटेल टाकावं लागतं. ते मिस्त्रीचं काम. भोक कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर, आणि दोन भोकांमध्ये निदान दोन फूट भिंत राहू द्या. छताची तुळई किंवा लोखंडी अँगल भिंतीवर जिथं टेकला आहे, त्याच्या खाली भोक नको. पत्र्याच्या घरात दोन उतारांखालची त्रिकोणी भिंत झरोक्याला फार चांगली, पण आढं जिथं टेकतं त्याच्या बरोबर खाली नको, बाजूला घ्या.

साडेचार इंची भिंत दिसायला सोपी वाटते, पण ती हलकी असते आणि ठोक्यानं हलते. ती फोडताना जाणतं माणूस जवळ हवं.

मातीच्या भिंतीचं वेगळं आहे. धाब्याचा भार लाकडी खांबांवर आहे की भिंतीवर, हे आधी बघा. भार भिंतीवर असेल तर हात लावू नका. भार खांबांवर असेल आणि भिंत कोरडी, घट्ट असेल, तर जुन्या कोनाड्याचा विचार करा. तिथं भिंत आधीच पातळ असते आणि वर बहुधा लाकडाची फळी टाकलेली असते. तरीही एकदा जाणत्या माणसाला दाखवूनच. आणि पावसाळ्यात भिंतीत ओल असताना मुळीच नाही.

दगड-मातीची जाड भिंत असेल, तर ती आपलं काम नाही, हे स्पष्ट सांगते. अशा भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन पदरी असतात. मधे दगडगोट्यांची आणि मातीची सैल भर असते. एक दगड काढला की आतली भर वाहायला लागते आणि भिंतीचं पोट फुगतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत असल्याच जाड भिंतींनी हजारो माणसं गाडली. दोन्ही पदरी बांधून ठेवणारे आडवे लांब दगड त्या भिंतींत नव्हते. असली भिंत छेडायची असेल, तर दगडी काम येणारा मिस्त्रीच पाहिजे.

आणि काँक्रीटचा खांब, बीम, पट्टा यांना कोणीही छन्नी लावायची नाही. मिस्त्री म्हणाला, काही होत नाही, तरी नाही. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच असेल, तर आधी शेजाऱ्याशी बोला.

ज्यांची भिंत विटांची आहे आणि ज्या स्वतः करणार आहेत, त्यांच्यासाठी आता कामाची रीत. कामाला दोघी असा. आधी विजेचा मेन स्विच बंद करा आणि बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक धरू नका, तिथून वायर गेलेली असते. पीठ, धान्य, पाण्याची भांडी बाहेर काढा. डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला दुपट्टा, पायात बंद चप्पल किंवा बूट. उभं राहायला पक्की घोडी घ्या, डबा, ड्रम किंवा बाज नको. एकीनं घोडी धरायची, एकीनं काम करायचं.

भिंतीवर चौकोन आखा. मधल्या सांध्यातून बारीक छन्नीनं आरपार एक भोक पाडा, म्हणजे बाहेरच्या बाजूला नेमकी जागा कळते. मग सांध्यातला माल खरवडून मधली वीट मोकळी करा आणि तिचे तुकडे करून काढा. थोडं आतून, थोडं बाहेरून असं मधोमध या. एकाच बाजूनं ठोकत गेलात तर पलीकडचा गिलावा खपल्याच्या खपल्या उडतो. हलके ठोके, पण पुष्कळ. घण अजिबात नको. वरची वीट सरकली, किंवा नवी चीर दिसली, की थांबा. खालून लाकडाचा टेकू द्या आणि मिस्त्रीला बोलवा. अर्धं काम सोडून मिस्त्रीला बोलवण्यात काही कमीपणा नाही.

भोक झालं की कडा पाण्यानं भिजवा आणि सिमेंटची जाळी किंवा लोखंडी चौकट बसवा. एक भाग सिमेंट, चार भाग वाळू. खालची कड बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतरती ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. बाहेरून वर फरशीच्या तुकड्याचा किंवा पत्र्याचा छोटा छज्जा द्या. सात दिवस तराई करा.

झरोका म्हटला की घरातून तीन हरकती येतात. पाऊस येईल, उंदीर-साप येईल, चोर येईल. पावसाचं उत्तर दिलंच. चोराला नऊ इंचातून शिरता येत नाही, आणि हवं तर मधे गज टाका. उंदराला आणि सापाला पाव इंची लोखंडी जाळी लावा, विशेषतः खालच्या झरोक्यांना. मच्छरदाणीची बारीक जाळी स्वयंपाकघरात लावू नका. ती हवा अडवते आणि तेल-काजळीनं महिनाभरात बुजून जाते. जाळी स्क्रूनं बसवा, म्हणजे काढून धुता येईल. न धुतलेला झरोका म्हणजे बुजवलेला झरोका. १९८० च्या दशकात सरकारनं गावोगावी निर्धूर चुली दिल्या, त्यांनाही धुराडं होतं. वेळेवर साफ न झालेली धुराडी काजळीनं तुंबली आणि बाया पुन्हा उघड्या चुलीवर आल्या.

आणखी एक, थंडीचं. पौषात गारठा वाढला की आपण झरोक्यात पोत्याचे बोळे कोंबतो. झोपायच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दार-खिडकी लावून झोपू नका आणि झरोकाही बुजवू नका. विझत आलेल्या कोळशातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, तो डोळ्याला झोंबत नाही, आणि झोपेतच माणूस जातो.

आता मिस्त्री लावायचा असेल तर. एका भोकासाठी मिस्त्री येत नाही. आला तरी पूर्ण दिवसाची रोजी मागतो, आणि त्यात त्याचंही चुकत नाही. तासाभराच्या कामासाठी त्याचा दिवस मोडतो. इथं गट कामाला येतो. गटातल्या पाच घरांचं काम एकत्र काढा. मग मिस्त्रीला दिवस भरून काम मिळतं आणि तुम्हाला खर्च वाटून घेता येतो. रोजीनं नको, उक्तं ठरवा. उक्त्यात काय काय आलं ते कागदावर लिहा: भोक पाडणं, जाळी बसवणं, दोन्ही बाजूंचा गिलावा, छज्जा आणि मलबा उचलणं. थोडे पैसे हातचे राखा आणि उदबत्ती लावून धूर बाहेर जातो हे बघितल्यावर द्या.

आणि काम चालू असताना तिथं उभं राहा. मी रेजा असताना एका घरी मिस्त्रीनं झरोका दाराच्या बरोबर वर काढला. का, तर बाहेरून शोभून दिसतो. चूल होती मागच्या कोपऱ्यात. धूर सगळं घर फिरून, बाईच्या डोळ्यांत जाऊन, मग दाराकडं जायचा. काम साफ होतं, गिलावा सुरेख होता, पण त्या बाईला कोणी विचारलंच नव्हतं, आणि ती आपणहून बोलली नव्हती. घरधनी आणि मिस्त्री अंगणात बोलले, तेवढ्यात जागा ठरून गेली. बहुतेक घरांत असंच होतं. भिंतीबद्दल बोलायचं काम पुरुषांचं आणि त्या भिंतीआड धूर गिळायचं काम आपलं.

हे बदलता येतं, आणि बदललेलं आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीचं आणि बळकटीकरणाचं जे काम सरकारनं काढलं, त्यात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेबरोबर गावोगावच्या बाया संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. घर कसं पक्कं करायचं हे त्या शिकल्या, लोकांना सांगू लागल्या, कामावर लक्ष ठेवू लागल्या. अलीकडं झारखंडात गावागावांत शौचालयं बांधायची होती, मिस्त्री पुरत नव्हते, तेव्हा बचत गटांतल्या हजारो बायांनी थापी हातात घेतली. तिकडं त्यांना राणी मिस्त्री म्हणतात. त्या बायाही आपल्यासारख्याच. आधी विटाच वाहायच्या.

शेवटचं सांगणं, ज्यांचं घरकुल चालू आहे त्यांना. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घराला निदान २५ चौरस मीटर जागा लागते आणि त्यात स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे. भिंत चढत असतानाच मिस्त्रीला सांगा, इथं एक वीट सोड, इथं एक सोड. बांधताना सोडलेल्या झरोक्याला पैसा लागत नाही. उलट तेवढ्या विटा वाचतात. तोच झरोका पुढच्या वर्षी पाडायचा म्हटला तर छन्नी आली, मिस्त्री आला, मलबा आला. चूल आणि शेगडी कुठं राहणार हे जोत्याच्या वेळीच खडूनं आखून ठेवा, म्हणजे मिस्त्रीला विचारायला निमित्त राहत नाही.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं तीन गोष्टी लिहून आणा. आपल्या स्वयंपाकघराची लांबी-रुंदी. सगळ्यात काळी भिंत कोणती आणि ती कोणत्या दिशेला आहे. आणि ती भिंत कशाची आहे, विटांची, मातीची की दगडाची. विटांच्या भिंतीवाल्या एका बाजूला बसा, दोघी-दोघींच्या जोड्या लावा आणि छन्नी-हातोडी गटात एकच विकत घ्या. बाकीच्यांची घरं मोजा आणि मिस्त्रीला एकच दिवस द्या. होळीपर्यंत हे काम उरकेल. मग उन्हाळा आला तरी स्वयंपाकघरात बसवेल.